प्रिलिमचे दोन मार्क

जळगावच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्याचं माझं दुसरंच वर्ष होतं. तेव्हा अकरावीला मॅट्रिक असे. आमच्या शाळेला निकालाची फार काळजी. प्रिलिमला नापास झालेल्या मुलीचा बोर्डाचा फॉर्म भरायचाच नाही, असा रिवाज होता. मीही तो बिनतक्रार पाळत होते.

त्या वर्षी असोद्याहून बसने येणारी एक मुलगी इंग्रजीत तेहतीसवर अडकली. पस्तीस हवे होते. ती पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. प्रश्न वाक्यं जोडण्याचा होता. 'तो शेतकरी आहे. तो हुशार आहे.' 'ती खेड्यात राहते. तिला इंग्रजी येतं.' नमुना उत्तरांत दोन्हीकडे 'बट' होतं, तिने दोन्हीकडे 'अँड' लिहिलं होतं.

"बाई, हे चूक कसं?"

"पहिलं वाक्य ऐकून जे वाटतं, त्याच्या उलट दुसरं निघालं की 'बट' घालायचं."

"पण शेतकरी म्हटल्यावर काय वाटतं, बाई?"

शेजारच्या बाई म्हणाल्या, "घ्या! आता असोदा आपल्याला इंग्रजी शिकवणार." मीही हसले. मग तिला म्हटलं, "बोर्डाचा परीक्षक तुझ्याशी वाद घालत बसणार नाही."

तिचं बरोबर आहे, हे मला तिथेच कळलं होतं. 'अँड'ने दोन गोष्टी शेजारी बसतात, 'बट'ने एकमेकींना आडव्या येतात. तिच्या घरात त्या आडव्या येत नव्हत्या, माझ्या डोक्यात येत होत्या. पण मार्क वाढवायचे तर नमुना उत्तर चुकलं, असं मुख्याध्यापिकांना सांगावं लागलं असतं. तो कागद मीच तयार केला होता.

दुसऱ्या दिवशी वडील आले. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग.

"बाई, पोरीले मास्तरीण व्हायचं हाये. काही करता येईन का?"

"नियम आहे, भाऊ."

त्यांनी वाद घातला नाही. "चाल माय," म्हणाले आणि तिला घेऊन गेले. बोर्डाची परीक्षा व्हायच्या आत तिला धुळ्याला दिली, असं वर्गातल्या मुलींनी सांगितलं.

पुढे बदली होऊन मीही धुळ्याला आले. दहा-बारा वर्षांनी ती मुलीला पाचवीत घालायला आली. मला पाहून खरंच खूश झाली.

"बाई, हिच्यावर कडक राहा हं. माझा तेव्हा अभ्यासच कमी पडला."

अभ्यास कमी पडला नव्हता. हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. मी मुलीची जन्मतारीख विचारली आणि फॉर्म भरायला घेतला.