तळहातावरची चव

माझा धाकटा भाऊ कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी आहे. दाढी पांढरी झाली तरी मला तो धाकटाच. तिथे त्याला सगळे मीठमास्तर म्हणतात. पातेलं उकळायला लागलं की हा डावा हात पुढे करतो, पळीने तळव्यावर एक थेंब सोडतो, जिभेला लावतो आणि शेकडो माणसांचं मीठ ठरवतो. चमचा त्याला चालत नाही. चमच्याला स्वतःची चव असते म्हणे. असेल बाई! माझ्या स्वयंपाकाला चवच नसते, हे त्याने मला भर पाहुण्यांत सांगितलंय, तेव्हा त्या विषयावर मी न बोललेलंच बरं.

घरी मात्र हा गडी शेगडीकडे फिरकायचा नाही. घरी रांधायची माझी भावजय. भाजी होत आली की ती पळी घेऊन बाहेर यायची. "मीठ बघता का जरा?" आणि हा पेपरमधून डोकं वर न काढता तळवा पुढे करायचा. थेंब चाटायचा, डोळे मिटायचा आणि दरवेळी म्हणायचा, "किंचित कमी आहे." दरवेळी! एकदा मी भडकलेच. म्हटलं, इतकी वर्षं संसार करतेय, तिला मीठ कळत नाही होय रे? तर भावजयीने मलाच हाताला धरून आत नेलं आणि हसू दाबत म्हणाली, "अहो वन्सं, कमी नसतंच मुळी. त्यांना दुसरा थेंब हवा असतो. मी आत येते, मिठाच्या बरणीचं झाकण वाजवते आणि तीच भाजी परत घेऊन जाते. मग म्हणतात, हं, आत्ता कसं!"

ती गेली. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेली. शौचातून रक्त जात होतं आणि ही बाई मूळव्याध, मूळव्याध करत दुखणं अंगावर काढत राहिली. एकदा डॉक्टरकडे गेली, तर लाजेने डोकं दुखतं म्हणून गोळी घेऊन परत आली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते हे असं. शेवटी दुर्बीण घातली तेव्हा फार उशीर झाला होता. मला तिचा अजून राग येतो, आणि राग आला की ती फार आठवते.

म्हणून भाऊ जिना चढताना मधेच थांबायला लागला, चेहरा पांढराफटक पडला, तेव्हा मी आडवळण घेतलंच नाही. सरळ विचारलं, "रक्त जातंय का?"

तो भिंतीकडे बघत म्हणाला, "मूळव्याध असेल."

"तुझ्या मूळव्याधीला आग लागो," मी म्हटलं, आणि त्याला डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. ते म्हणाले, मूळव्याध असेलही, पण बघितल्याशिवाय कुणी सांगू नये. सगळं मोठं आतडं दुर्बिणीने बघायचं. कोलोनोस्कोपी.

तिथली सिस्टर मोठी खमकी. शौच, वारा, रक्त हे शब्द ती भाजीबाजारात बोलावं तसे बोलली, त्यामुळे आमचीही लाज पळाली. कुठल्या गोळ्या चालू आहेत ते सगळं सांगा, म्हणाली. रक्त पातळ करायची असेल तर विशेष सांगा, मनाने बंद करू नका. आदल्या तीन दिवसांत बिया, सालं, पालेभाज्या बंद. आदल्या दिवशी तर घासच नाही. पाणी, बिनदुधाचा चहा, गाळलेलं पातळ सूप, बस. लाल रंगाचं काही नको, आत ते रक्तासारखं दिसतं. पोट साफ करायचं औषध अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे, आणि प्यायचं ते सगळं. "मास्तर, आतडं म्हणजे भांडं समजा. खरकट्या भांड्याचा तळ दिसेल का?" भावाने अगदी कळल्यासारखी मान डोलावली. शेवटी ती म्हणाली, "आणि घरचं एक माणूस बरोबर आणा. झोपेचं इंजेक्शन देतो आम्ही. नंतर वाटतं मी शुद्धीत आहे, पण डोकं ठिकाणावर नसतं. त्या दिवशी गाडी नाही, शेगडी नाही."

घरचं माणूस म्हटल्यावर भावाने माझ्याकडे पाहिलं नाही. दाराकडे पाहिलं, ती येणार असल्यासारखं.

तीन दिवस माझ्याकडे राहा म्हणून मी कानीकपाळी ओरडले. पालथ्या घड्यावर पाणी! "मी करतो ना सगळं, ताई." तपासणीच्या दिवशी सकाळी त्याला घेऊन गेले. आत नेलं आणि बऱ्याच लवकर डॉक्टर बाहेर आले.

"पुढे जाताच आलं नाही," ते म्हणाले. "आत टोमॅटोच्या बिया आहेत, लाल पाणी आहे. काल काय खाल्लंय यांनी?"

"काही नाही! माझा भाऊ शब्दाचा पक्का आहे," मी तावातावाने म्हटलं.

आत गेले तर तो गुंगीत पडलेला. डोळे मिटलेले आणि डावा हात पुढे केलेला, तळवा वर. सिस्टरला वाटलं, सुई दुखतेय. मला कळलं. तो पुटपुटला, "किंचित कमी आहे." मला एकदम भरून आलं. हात हातात घेतला आणि त्याच क्षणी दिसलं, तळव्याच्या मध्यभागी रश्शाचा तांबूस डाग होता. रडू यायचं तिथेच थांबलं आणि संतापाने अंगाचा तिळपापड झाला.

त्या दिवशी गुंगीतल्या माणसाला काय बोलायचं? दुसऱ्या दिवशी मात्र त्याला समोर बसवलं. "कँटीनला गेला होतास?"

"गेलो होतो. पण खाल्लं काही नाही. शपथ."

"मग तळव्याला काय होतं?"

त्याने तळवा उलटा करून पाहिला. "ती चव, ताई. चव बघणं म्हणजे काय खाणं झालं?" आणि बोलता बोलता त्याचंच त्याला उमगलं. तीन दिवस सकाळपासून एकेक पातेलं, एकेका पातेल्याला चार-पाचदा हात पुढे. आचाऱ्याचा हात तो, त्याला विचारून थोडाच पुढे होतो! पण मी सोडते होय?

"औषध घ्यायच्या दिवशी सुट्टी टाकून घरी बसवलं नाही तुला?"

"घरात बसवत नाही गं. कँटीनमध्ये निदान कुणीतरी विचारतं, मास्तर, मीठ बघा. घरी कोण विचारतंय? मला ती हवी आहे, ताई. दुसरं काही नको. आता परत ती तपासणी नको. तिला जे झालं तेच मलाही असेल. असू दे."

"असू दे?" माझा आवाज शेजारी गेला असणार. "एक गेली ती न सांगता गेली, आणि तू सांगून जातोस होय? मेल्या, मला कोण आहे दुसरं?" मग डोळे पुसले आणि म्हटलं, "नीट ऐक. या खेपेला मी तुझ्या घरी येऊन राहते. आणि तपासणीला आला नाहीस, तर तिथून हलणार नाही. जन्मभर माझ्या हातचं खावं लागेल."

त्याला हसू फुटलं. किती दिवसांनी! "म्हणजे कॅन्सरआधी तुझ्या भाजीनेच जायचो," म्हणाला. पण तयार झाला.

त्याच्या घरी गेले तर स्वयंपाकघर जसंच्या तसं. शेगडी लख्ख पुसलेली, पळी खिळ्याला, मिठाची बरणी खिडकीपाशी. झाकणाला एक टवका. त्याने काही हलवलं नव्हतं, आणि काही वापरलंही नव्हतं.

या वेळी तीन दिवस मी त्याला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. पांढरा मऊ भात, मग नुसतं पाणी आणि कोरा चहा. शेवटच्या संध्याकाळी औषध कालवलं, गार केलं, नळीने प्यायला दिलं. पहिला घोट घेतला आणि म्हणाला, "यात मीठ जास्त आहे." मला हसू आलं, पण तो हसत नव्हता.

"तीही असंच म्हणाली होती," तो म्हणाला. "अर्धा पेला झाल्यावर तिला जाईना. मी म्हटलं, पाण्यासारखंच तर आहे, पी की. तर तिने बोट बुडवून एक थेंब माझ्या तळव्यावर ठेवला. बघता का जरा, म्हणाली. मी म्हटलं, जास्त आहे गं. सगळ्या संसारात तेवढं एकदाच जास्त म्हणालो."

मी पेला पुन्हा भरला. मग त्याच्या खेपा सुरू झाल्या, आणि मी बाहेरून, "झालं का? आता पाण्यासारखं होतंय का?" असं बेशरमपणे ओरडत राहिले. सिस्टरने सांगितलंच होतं, शेवटी नितळ पिवळसर पाणी यायला हवं. पहाटेचा वाटाही त्याने नाक दाबून संपवला.

दुसरी तपासणी सुरळीत झाली. त्याला काही कळलंही नाही. जागा झाल्यावर पोटात भरलेला वारा सुटायला लागला तेव्हा मात्र मास्तर ओशाळले. सिस्टर म्हणाली, "सोडा, सोडा, त्यानेच बरं वाटतं." डॉक्टरांनी दोन छोट्या गाठी तिथल्या तिथे काढल्या होत्या. रक्त त्यातल्याच एकीतून जात होतं. "तपासायला पाठवल्यात, पण दिसायला साध्या आहेत," ते म्हणाले. "अजून काही वर्षं तशाच वाढल्या असत्या, तर गोष्ट वेगळी होती."

भाऊ ते ऐकून आनंदला नाही. तो म्हणाला, "एवढंच होतं? तिचंही आधी एवढंच असणार." आणि गाडीत घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसला.

संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसला. मी भाताची पातळ पेज केली. चाखून बघितली तर माझ्या नेहमीच्या घाईत मीठ दोनदा पडलेलं, चांगलीच खारट. आता काय सांगायचं याला, म्हणून मी पळी हातात धरून उभी राहिले. मग तोंडातून आपसूक गेलं, "मीठ बघतोस का जरा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. डावा हात हळूच पुढे केला. मी थेंब सोडला. त्याने चाटला, डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही.

"किंचित कमी आहे," तो म्हणाला. हात तसाच पुढे.

मी आत वळले, बरणीचं झाकण वाजवलं, आणि तीच पेज घेऊन परत आले.