धुऱ्यावरच्या निलगिऱ्या

मोठ्या मायला चिडलेलं कोणी पाहिलं नाही. ती शिवी देत नसे, आवाज चढवत नसे. तिला राग आला की ती झाड लावायची. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची, मोठ्या बाबांची, ही बायको. तिला मूलबाळ नव्हतं, पण नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या गावात ती सगळ्यांचीच मोठी माय. तिचा राग आजही आमच्या शेताच्या धुऱ्यावर रांगेने उभा आहे आणि हायवेवरच्या बसमधूनही दिसतो.

त्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आधी एक कडुनिंब होता. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या शेतात राबली. दुपारची भाकर खायला सावलीत बसायचं तर तेही विचारून. मोठ्या बाबांनी घराण्यातलं पहिलं शेत घेतलं, आणि पट्ट्याचा कागद हातात पडला त्याच दिवशी तो निंब लावला. पुढे ते आजारी पडले. मोठी माय त्यांना घेऊन आदिलाबादच्या दवाखान्यात होती, तेवढ्यात शेजारच्या रामरावांनी निंब तोडला आणि पुन्हा फुटू नये म्हणून खुंटही जाळला. "सावली माह्या पराटीवर पडत होती," एवढंच म्हणाले. पराटी म्हणजे कपाशीचं झाड. मोठे बाबा परत आले, त्या काळ्या खुंटाजवळ बसून राहिले आणि त्याच साली गेले. निंबामुळे गेले असं कुठलाच डॉक्टर म्हणणार नाही. मी म्हणते.

मोठ्या बाबांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला आणि मोठी माय नर्सरीतून निलगिरीची रोपं घेऊन आली. इकडचे तेलुगू लोक निलगिरीला जामायील म्हणतात.

"निंबच काऊन नाई आणला?" मी विचारलं.

"निंब सावली देते. मले त्याले कायबी द्याचं नाई," ती खड्डा उकरत म्हणाली. "हे झाड नुसतं घेते. याच्या बुडाशी दुसरं झाड जीव धरत नाई."

जात तिने निवडून आणली होती. कागदाच्या कारखान्याला जाते ती, सरळसोट वाढणारी, विरळ पानांची. तीन-चार वर्षांत रामरावांची धुऱ्यालगतची पराटी पिवळी पडून खुरटली. आमच्याही चार ओळी गेल्या, पण त्याचं तिला काही नव्हतं. रामरावांनी दरखास्त दिली, मोजणीवाले आले, झाडं आमच्याच जमिनीत निघाली. मोठ्या मायने सगळ्यांना चहा पाजला आणि गोड आवाजात विचारलं, "पाहा बरं साहेब, सावली पडते काय यायच्या पराटीवर?" सावली म्हणावी अशी पडत नव्हतीच.

दारात मात्र तिने दुसरी जात लावली होती, पान चुरगळलं की लिंबासारखा वास येणारी. तिचा पाला अख्ख्या गावाला लागायचा. सर्दीला वाफारा, अंगदुखीला आंघोळीच्या पाण्यात, तुरीच्या कणगीत किडे होऊ नयेत म्हणून, संध्याकाळी डासांना धूर म्हणून. गळून पडलेल्या सालीवर चूल पेटायची, बारक्या फांद्यांवर वालाचा मांडव चढायचा. एकदा रामरावांची बायको नातवाला घेऊन आली. लेकराची छाती भरली होती. मोठ्या मायने स्वतः पाणी उकळलं, जवळ बसून वाफ दिली, वर ओटीभर पाला दिला. बाईंना वाटलं, पाघळली. हळूच धुऱ्याचा विषय काढला.

"लेकराची छाती मोकळी होऊ दे, बाई," मोठी माय म्हणाली. "तुह्या मालकाची नोको."

मग एकदा झाडं तयार झाली म्हणून तिने तोडून विकली. रामरावांनी त्या दिवशी गावात पेढे वाटले. तिने पेढा घेतला आणि खाल्लाही. पावसाळ्यात एकेका खुंटातून चार-चार फुटवे आले. ती रोज दुपारी भाकर घेऊन त्या धुऱ्यावर जाऊन बसायची, उन्हातच, रामरावांना दिसेल अशी. मला ती तेव्हा फार आवडायची, आणि अजूनही तिची तीच आठवण मला सगळ्यात जवळची आहे.

गेल्या काही वर्षांत ती थकली आणि एका हिवाळ्यात गेली. शेत माझ्या नावावर झालं. मी आदिलाबादला नोकरी करते, सुट्टीत गावी येते. रामराव भेटायला आले, काठी टेकत. म्हणाले, "पोरी, जिचा राग होता ते गेली. आता तं खुंटासकट काढून टाक."

"काढते ना काका," मी म्हणाले. "तुम्ही तोडलेला निंब होता त्याच जागी लावा. त्याच्या सावलीत बसून मला भाकर खाता आली, की दुसऱ्या दिवशी निलगिऱ्या काढते."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझे हात धरले. दुसऱ्याच दिवशी दोन निलगिऱ्यांच्या मधे त्यांनी निंब लावला. तेव्हापासून म्हातारा घरून पत्र्याच्या डबकीने पाणी आणून घालतो. मी गेले की मला धुऱ्यावर नेतो, दोन पावसाळे उलटूनही वीतभरच राहिलेल्या रोपाचं एखादं हिरवं पान बोटाने उचलून दाखवतो.

"फुटून राह्यला ना, पोरी?"

"हो काका," मी म्हणते. "पाणी थोडं जास्त घालत जा."