प्रसूतिगृहाची गच्ची

कुठल्याही इमारतीत शिरलं की अण्णा आधी भिंतीला उलटा हात लावायचे. आजारी पोराच्या कपाळाला आई लावते तसा. मग मान हलवून म्हणायचे, "ताप हाय की हिला, साहेब."

साहेब म्हणजे मी. सोलापूरपासून तासाभरावरच्या एका नगरपालिकेचा विद्युत अभियंता. गावाचं नाव सांगत नाही, शोभा माझीच होईल. अण्णा माझ्या हाताखालचे वायरमन. वयाने माझ्याहून बरेच मोठे, शिक्षण दहावी नापास. आणि मी त्यांच्यावर जळायचो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे तुम्हाला वाटेल की मी कौतुक करतोय.

जुन्या इमारतींमधली विजेची उधळपट्टी थांबवा, असा वरून आदेश आला. कुठली इमारत किती तापते ते बघायला मी तापमान मोजायची बंदूक मागवली. भिंतीवर रोखून बटण दाबलं की आकडा दिसतो. ती घेऊन मी दिवसभर नगरपालिकेच्या इमारती पालथ्या घातल्या. अण्णा पुढे चालत, हात लावत, इथं जास्त, तिथं कमी, असं सांगत गेले. बंदूक निमूटपणे त्यांच्याच बाजूने बोलत होती. मी दोनदा सेल बदलले.

खरी अडचण प्रसूतिगृहाची होती. वरच्या मजल्यावरचा वॉर्ड एप्रिल-मेमध्ये असा तापायचा की बाळंतिणी तान्ह्या लेकरांना घेऊन जिन्यात येऊन बसायच्या. मी नव्या एसींचा प्रस्ताव केला, चांगला चाळीस पानांचा. अण्णांनी तो चाळला आणि छताजवळ बोट दाखवलं. तिथे जुने झरोके होते, फळ्या ठोकून बंद केलेले. एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून काही वर्षांपूर्वी मीच ते बंद करायला लावले होते. एसी दोन उन्हाळ्यांत बंद पडले, फळ्या तशाच राहिल्या. त्या अण्णांनीच ठोकल्या होत्या, त्यामुळे हुकूम कुणाचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण ते एवढंच म्हणाले, की आता काढाव्यात.

फळ्या निघाल्या. अण्णांच्याच सांगण्यावरून गच्चीवर चुन्याचे दोन हात बसले. आठवड्यात बाळंतिणी आपापल्या खाटांवर झोपायला लागल्या आणि माझी चाळीस पानं कपाटात गेली. मला आनंद व्हायला हवा होता. कसला आनंद अन् कसलं काय!

मुख्याधिकारी मॅडम पाहायला आल्या. कल्पना कुणाची, असं त्यांनी विचारलं. अण्णा शिडी धरून मागेच उभे होते. मी म्हणालो, "माझी, मॅडम." आमच्या विभागाची, असं म्हणून निभावता आलं असतं, तेवढंही मी केलं नाही. अण्णांनी शिडी खांद्यावर घेतली आणि जिना उतरले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं मला चहाचं विचारलं. चिडले असते तर किती बरं झालं असतं.

पुढे मॅडमनी बाकीच्या इमारतींच्या कामावर देखरेखीला एक माणूस मागितला. जो तो अण्णांचं नाव घेऊ लागला. मी कागदावर 'शैक्षणिक पात्रता अपुरी' असा शेरा मारला आणि त्यांना रस्त्यावरच्या दिव्यांवर पाठवलं. तिथूनच ते निवृत्त झाले आणि मोहोळकडे आपल्या गावी गेले. निरोपाचं भाषण मीच केलं. छान झालं म्हणे.

यंदा चुना नव्याने मारायची वेळ आली. ठेकेदाराच्या माणसांनी भर दुपारी, तापलेल्या कोरड्या गच्चीवर तो फासला. आठवड्यात पोपडे वाऱ्यावर उडाले आणि बाळंतिणी पुन्हा जिन्यात आल्या. एकीचं बाळ सहा दिवसांचं, त्याच्या अंगभर घामोळं. शेवटी नाक मुठीत धरून मी अण्णांना फोन लावला.

टाळतील, निदान दोन शब्द सुनावतील, असं वाटलं होतं. त्या शेऱ्याबद्दल मी काहीतरी पुटपुटायला लागलो, तर त्यांनी मधेच थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या की. आदी गच्ची भिजवा, ऊन उतरल्यावर. चुना आदल्या दिवशी भिजवलेला, फडक्यातनं गाळलेला. एक हात आडवा, एक उभा. आन् माणसांवर सोडू नका, तुमी सोता उभं ऱ्हावा."

काही हातचं राखलं नाही हो त्या माणसाने. मी दोन संध्याकाळ उभा राहिलो. एका कोपऱ्यात कुंचाही धरला. तिसऱ्या दिवशी वॉर्ड निवला. जिना मोकळा झाला.

प्रसूतिगृहाच्या सिस्टर वर आल्या. पांढऱ्याशुभ्र गच्चीवर नजर फिरवून त्यांनी विचारलं, "अण्णा येऊन गेले वाटतं?"

"नाही," मी म्हणालो. "पण काम त्यांचंच आहे. मागच्या वेळचंही त्यांचंच होतं, माझं नव्हतं."

"ते आम्हाला माहितेय की, साहेब," सिस्टर म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या.

खोटं कशाला बोलू, तेव्हाही मला आधी अण्णांचा हेवाच वाटला. लाज नंतर वाटली.