मुलीला कोणी ढकललं
स्ट्रोकनंतर मला शब्द कळायचे, वाक्य कळायचं नाही. ‘मुलीला मुलाने ढकललं’ म्हटलं की मुलगी कळे, मुलगा कळे, ढकलणंही कळे. कोणी कोणाला, ते निसटे. इंग्रजीत निसटे तसंच मराठीतही. गाड्यांचे सुटे भाग विकत, घासाघीस करत मी अमेरिकेतल्या ट्रॉय गावात शून्यातून धंदा उभा केला. आता समोरचा देतोय की मागतोय, हेच कळेना. ही भीती मी बायकोलाही सांगितली नाही.

विद्यापीठातल्या एक बाई माझ्यासारख्या वीसेक जणांचा अभ्यास करत होत्या. त्यांची विद्यार्थिनी वाक्य वाचायची, मी दोन चित्रांपैकी एकावर बोट ठेवायचं. भाव करताना मी माणसाचे डोळे बघतो. ही पोरगी वाचता वाचता बरोबर चित्राकडे बघायची. मी तिथे बोट ठेवत गेलो.

“तुमच्यामुळे गटाची सरासरी वर गेली,” बाई खुशीत म्हणाल्या. “आता तुम्हाला भाषेच्या थेरपीची गरज नाही, असं डॉक्टरांना कळवते.”

त्याच सकाळी मी गोळ्यांच्या डबीसमोर उभा होतो. लाल घेतल्यावर पांढरी, की पांढरी घेतल्यावर लाल? बायकोने दोनदा सांगितलं होतं. मी दोनदा ‘हो’ म्हटलं होतं.

“मी तिचे डोळे बघून उत्तरं दिली,” मी म्हणालो.

“अहो, दुकानातली सवय इथेही?” शेजारी बसलेली बायको पुटपुटली.

“मग तुम्हाला गटातून काढावं लागेल,” बाई म्हणाल्या.

माझं डोकं फिरलं. या देशात जन्मभर मला ‘तुम्ही लोक’ म्हणून मोजलं, आता आजारातही तेच. “काढा. पण घरी पाठवू नका. माझ्या एकट्याचं तपासा, दर आठवड्याला.”

“एका माणसावरून सगळ्यांबद्दल काही सांगता येत नाही.”

“सगळ्यांवरून माझ्याबद्दल तरी कुठे सांगता आलं?”

मग बाईंनी पोरीला माझ्या पाठीमागे बसवलं.

मागून आवाज येत होता, समोर नुसती चित्रं. बघायला डोळे नव्हते. प्रत्येक वेळी बोट दोन्ही चित्रांवर फिरे आणि कुठेतरी टेके.

“किती बरोबर?” गाडीत बायकोने विचारलं.

“निम्मी. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. थेरपी चालू राहील.”

घरी आल्यावर तिने माझ्या गोळ्यांची डबी उचलली आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.