सुमनअक्काच्या चिमटीतली तार

सुमनअक्काला गाणं आवडत नसे. गिटार मात्र ती कान देऊन ऐकायची, आणि तीही एकाच तारेवर. जळगावच्या पिंप्राळ्यातल्या तिच्या आणि भावाच्या मोटर रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळक्या मोटरींत नवी तार भरण्याच्या दुकानात कुणी गिटार तपासायला घेतली आणि हौसेनं एखादी धून सुरू केली, की ती हातातलं काम न थांबवता ओरडायची, "गानं नको! एकच तार वाजाड!" मग त्या माणसानं एक तार छेडायची आणि आवाज पूर्ण विरेपर्यंत गप्प उभं राहायचं. अक्का त्याच्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत ऐकायची. "गाणं लावलं की माणूस गाण्याला भुलतो," ती म्हणायची. "एकटी तार लबाडी करत नाही."

मी शाळामास्तर, आणि सुट्टीच्या दिवशी एका भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवणारा. बोदवडच्या कार्यक्रमात भर गाण्यात माझी गिटार मुकी झाली. पेटीवाल्यानं वेळ मारून नेली, पण मी स्टेजवर नुसताच हात हलवत उभा राहिलो. कुणीतरी सांगितलं, पिंप्राळ्यात प्रकाश म्हणून एक जण वाद्यं दुरुस्त करतो. गेलो, तर दारात असोद्याच्या केळीवाल्यांचे जळालेले पंप पडलेले, आत वार्निशचा वास, आणि मधोमध पाटावर बसलेली चाळिशीतली एक बाई. प्रकाशनं माझी गिटार उघडली, तारांखालची ती लांबट डबी बाहेर काढली आणि सरळ त्या बाईपुढे ठेवली. या डबीला आम्ही पिकअप म्हणतो. तिच्या आत चुंबकाभोवती केसापेक्षा बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते, हजारो वेढे. इलेक्ट्रिक गिटारीचा आवाज जन्मतो तो तिथे.

अक्कानं डबी उचकटली, आत पाहिलं आणि भावाला, म्हणजे प्रकाशला विचारलं, "हाई कोनं काम शे?"

"मशीनचं असेल."

"तरीच. जीवच नही."

तिनं ती तार कचऱ्यात टाकली आणि नवी गुंडाळायला घेतली. डाव्या हातानं छोटं चाक फिरवायचं आणि उजव्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची. त्या चिमटीत सगळी विद्या होती. जरा जास्त ओढली तर तार तुटते, ढिली सोडली तर वेढे सैल बसतात आणि आवाज किरटा होतो. तिची बोटं तिकडे काम करत होती आणि तोंड इकडे एका शेतकऱ्याला झापत होतं, की तीनच महिन्यांपूर्वी तार भरलेली मोटर पुन्हा जाळलीस, तुला मोटर द्यायची का बैलगाडी? संध्याकाळी मी गिटार वाजवली आणि ती माझीच आहे यावर माझा विश्वास बसेना. आवाजाला अंग आलं होतं. मी तिला हात जोडले. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "चांगलीच होणार."

नम्रपणा तिच्यात औषधालाही नव्हता. मूळ धुळ्याकडचं कुटुंब. वडिलांनी, म्हणजे आबांनी, जळगावला येऊन दुकान टाकलं. मुलगा शाळेत गेला आणि मुलगी आबांच्या शेजारी बसून वाइंडिंग शिकली. लग्न होऊन धुळ्याला गेली, पण लवकरच परत आली. कारण विचारलं तर म्हणायची, "तिथं मला पोळ्या लाटायला बसवलं. पोळ्या कुणालाही येतात." आबा गेल्यावर दुकान तिनंच चालवलं. माझ्याशी ती शहरी मराठीत बोलायची. राग आला किंवा भावाशी बोलायचं झालं, की अहिराणी. भावजयीशी तिचं कधी पटलं नाही, आणि त्यात चूक बहुतेक वेळा अक्काचीच असे, हेही सांगायला हवं.

प्रकाशचा हात लाकडावर चांगला होता. दुरुस्त्या करता करता त्यानं स्वतःची गिटार बनवली. शिवणीच्या लाकडाचं अंग, सागवानाची मान, आणि अशी गोलाई की मांडीवर घेतली की मांजरासारखी बसावी. पिकअप अर्थातच अक्काचे. आमच्या पार्टीत ती वाजली, कुणीतरी व्हिडिओ टाकला, आणि बघता बघता नाशिक, पुणे, थेट बंगळूरहून विचारणा होऊ लागली. शौकीन मंडळींचा फोनवर एक गटच तयार झाला. त्यात एकेका गिटारीचे फोटो येत, लाकडाच्या रेषांवर चर्चा होई, आणि आवाजाविषयी तर अशी भाषा की वाचताना मलाच लाजल्यासारखं व्हायचं. 'पहाटेच्या उन्हासारखा उबदार.' 'जुन्या मधासारखा.' मी ते अक्काला वाचून दाखवायचो. ती मान खाली घालून गुंडाळत राहायची, पण चेहरा फुलायचा. "पुन्हा वाच ते मधाचं," म्हणायची.

या गटाचे म्होरके होते नाशिकचे एक दातांचे डॉक्टर. त्यांनी जळगावात मेळावा भरवला. एका मंगल कार्यालयात लांबलांबून शौकीन आले, आपापल्या गिटारी टेबलांवर मांडल्या, वाजवल्या, एकमेकांच्या गिटारींवरून हात फिरवले. अक्का नवी जांभळी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. डॉक्टरांनी प्रकाशला शाल-श्रीफळ दिलं आणि अर्धा तास बोलले. लाकडाची निवड, मानेचा उतार, रंग, सगळं आलं. शेवटी म्हणाले, "आणि तो आवाज! तो प्रकाशभाऊंच्या हातात आहे. तो समजावून सांगता येत नाही."

मग प्रकाश बोलायला उभा राहिला. त्यानं आबांचं नाव घेतलं, बायकोचं घेतलं, लाकडाच्या वखारवाल्याचंही घेतलं. अक्का पदर सावरून, उठायची तयारी करून बसली होती. प्रकाशनं सगळ्यांना जेवून जा म्हणून सांगितलं आणि तो खाली उतरला.

अक्का जागेवरच उभी राहिली. "त्या डब्या मी गुंडाळते," ती मोठ्यानं म्हणाली. "आवाज माझा आहे."

सगळे हसले. वाईट मनानं नाही, कौतुकानंच हसले. टाळ्या पडल्या. डॉक्टर माईकवर म्हणाले, "वा! पाठीशी अशी बहीण हवी!" एक तरुण मुलगी तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून गेली. अक्का त्या फोटोत कॅमेऱ्याकडे बघतच नाहीये. ती प्रकाशकडे बघते आहे.

दुसऱ्या दिवशी दुकानात भांडण झालं. मी तिथेच होतो. अक्काचं मागणं साधं होतं. गिटारीच्या माथ्यावर 'प्रकाश' असं लिहिलेलं असतं, त्याखाली 'सुमन' असं लिहायचं.

"अक्का, गिऱ्हाइकाला एकच नाव लागतं गं," प्रकाश म्हणाला. "दोन नावं म्हटली की त्याला कारखाना वाटतो. त्यांना एक माणूस हवा असतो. एकाच माणसानं सगळं केलं, असं हवं असतं."

"मंग एकच टाक. मनं टाक."

"फक्त तुझं? असं कसं करता येईल?"

"बठ्ठं तुनं, सगळंच तुनं, मंग मनं काय शे?"

प्रकाश दुष्ट माणूस नव्हता. अक्काच्या डोळ्यांना त्रास झाला तेव्हा तिला दवाखान्यात घेऊन धावला होता. पण आयुष्यात पहिल्यांदा लोक त्याला कलावंत म्हणत होते, आणि त्यातला एक तुकडासुद्धा द्यायची त्याची तयारी नव्हती. अक्कानं चाकावरची तार कापली, हात पुसले आणि सांगितलं, "माले मनं नाव पायजे. नाहीतर माझा हात लागणार नाही." त्या दिवसानंतर तिनं प्रकाशसाठी एकही वेढा घातला नाही. महिन्याभरात प्रकाशनं एमआयडीसीत शेड घेतली, गुंडाळायचं मशीन आणलं आणि दुकान अक्काला सोडून गेला. राहत्या घरांचं एका भिंतीचं शेजार होतं, तेही त्यानं नवं घर बांधल्यावर संपलं.

नव्या गिटारींचा आवाज बदलला. मला तो पहिल्या तारेला कळला. शौकिनांच्याही कानी काहीतरी आलं असावं, कारण गटावर 'जुना प्रकाश' आणि 'नवा प्रकाश' असा वाद सुरू झाला. कुणी म्हणे हवामानाचा परिणाम, कुणी म्हणे रंगाचा. मी लिहिलं की पिकअप बदलले आहेत, आधीचे त्यांच्या बहिणीच्या हातचे होते. त्यावर दोघा-तिघांनी पसंतीच्या अंगठ्याचं चित्र टाकलं आणि वाद पुन्हा रंगावर गेला.

मग अक्काच म्हणाली, "मी माझे वेगळे विकते." तिनं पिकअपच्या जोड्या गुंडाळल्या, मी फोटो काढून गटावर टाकले. 'सुमन, पिंप्राळा' एवढंच लिहिलं. उत्तरं आली. 'प्रकाशची नक्कल.' 'भावाच्या नावावर धंदा.' एकानं तर भावाबहिणीच्या नात्यावर चार उपदेशाच्या ओळी लिहिल्या. ते मी तिला वाचून दाखवलं नाही. पण तिनं विचारलं आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं.

पुढे डॉक्टर एका लग्नासाठी जळगावला आले, तेव्हा मी त्यांना आग्रहानं दुकानात नेलं. अक्कानं स्वतःची जोडी माझ्या गिटारीत बसवून ठेवली होती. डॉक्टरांनी बराच वेळ वाजवली. माणूस बेसूर नव्हता, जाणकार होता. "चांगला आहे आवाज," ते म्हणाले. "मनापासून सांगतो. पण माझ्या जुन्या गिटारीत जे आहे, ते यात नाही. ते शिकून येत नाही हो अक्का."

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुमच्या त्या गिटारीतलंही यांच्याच हातचं आहे. तीच तार, तेच चाक."

ते समजूतदारपणे हसले. "असेल ना. मदत केलीच असेल. पण दृष्टी कुणाची?"

मला वाटलं, अक्का आता त्यांना दुकानाबाहेर काढणार. तिनं शेतकऱ्यांना याहून कमी गोष्टींसाठी काढलं होतं. पण ती उठून आत गेली आणि चहा घेऊन आली. डॉक्टर गेल्यावर म्हणाली, "मास्तर, खोटं असतं तर मी पटवलं असतं. खरं पटवायला माले येत नही."

त्यानंतर ती फक्त मोटरी भरत राहिली. माझ्या गिटारीच्या पिकअपमधली तार एकदा तुटली तर मलाही नाही म्हणाली. "मोटर पाणी काढते की नाही, एवढंच शेतकरी बघतो," ती म्हणायची. "तिथं कुणाची दृष्टी-बिष्टी लागत नाही." बोलणं तिखटच होतं, पण त्यातली मजा गेली होती. पूर्वी झापताना तिला आनंद व्हायचा. आता ती नुसतीच झापायची. भावजय एकदा भरीत घेऊन समेट करायला आली, तर तिला दारातूनच परत पाठवलं. मी म्हटलं, अक्का, तिचा काय दोष? "मास्तर," ती म्हणाली, "तू पोरांना न्याय शिकव. माझ्याजवळ उरला नाही."

ऐन उन्हाळ्यात, दुकान पंपांनी भरलेलं असताना, ती पाटावर बसल्या बसल्या कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. अंत्ययात्रेला असोद्याचे शेतकरी मोटरसायकलींवर आले, उन्हात उभे राहिले. शौकिनांपैकी कुणी नव्हतं. गटावर मात्र दिवसभर हात जोडलेली चित्रं येत होती, सगळी प्रकाशच्या नावानं. 'प्रकाशभाऊ, आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहोत.'

काही महिन्यांनी प्रकाशनं मला शेडवर बोलावलं. टेबलावर एक नवी गिटार होती, जांभळ्या रंगाची. माथ्यावर सोनेरी अक्षरांत 'सुमन'.

"अक्काच्या आठवणीत काढली," तो म्हणाला. "थोड्याच बनवल्या. सगळ्यांची गिऱ्हाइकं आधीच ठरलीत." त्याचे डोळे भरून आले. ते रडणं खोटं नव्हतं, आणि मला तेच सोसेना.

मी गिटार उलटी केली, मागचं झाकण बघितलं, पुन्हा सरळ केली. "यातले पिकअप?"

"मशीनचेच. दुसरं कोण आहे आता?"

"प्रकाश, नाव तिला जिवंतपणी हवं होतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "मला काय कळत नाही का?" तो तोंड फिरवून रुमालानं डोळे पुसू लागला, आणि मला वाटलं, निदान आता तरी हा माणूस काहीतरी बोलेल. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं नाव पाहिलं, घसा साफ केला आणि फोन कानाला लावला.

"हो डॉक्टर, तयार आहे तुमची," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. प्रकाशनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे वळला.

"म्हणजे काय डॉक्टर? पिकअप अक्काच्याच हातचे. शेवटचे होते, तुमच्यासाठी ठेवले."