ट्रम्पेटवाल्याची फुंक

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी लखनौच्या एका सरकारी इस्पितळात, अपघात विभागात नवखी डॉक्टर होते. बाबा बँकेत. त्यांच्या बदलीमुळे आम्ही नागपूरहून इथे आलो आणि इथलेच झालो.

लग्नसराईतली दुपार होती. चौक नावाच्या जुन्या वस्तीतल्या गल्लीतून वरात चालली होती. पत्रे लादलेला ठेला उलटला आणि बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याची मांडी चिरली गेली. साथीदारांनी त्याला रिक्षात घालून आणलं. गणवेश लालभडक, त्यामुळे किती रक्त गेलंय ते आधी कळेचना. पँट कापली आणि गरम धार माझ्या तोंडावर उडाली.

मी त्याच्या जांघेत मूठ रोवली, अंगाचा सगळा भार टाकला. धार थांबली. आमचे सर्जन धावत आले, बघितलं आणि म्हणाले, "हाथ मत हटाना!" मग मी स्ट्रेचरवरच गुडघे टेकून तशीच ऑपरेशन थिएटरपर्यंत गेले.

बाहेर सिस्टर बँडवाल्यांकडे रक्त मागत होती. त्या काळी रक्त द्यायचं म्हटलं की सख्खे नातेवाईकही गायब व्हायचे. ढोलवाल्याने भीत भीत विचारलं, "सिस्टर, खून देने के बाद फूँक तो बची रहेगी न?"

"तुम तो ढोल बजाते हो!"

सगळे हसले म्हणे, आणि एकेकाने बाह्या वर केल्या.

आत सर्जननी फाटलेली रक्तवाहिनी शिवली. "अब छोड़ो," ते म्हणाले, तर माझी बोटं उघडेनात. शेवटी कशीबशी मूठ सुटली. मी त्याच्या पावलाला हात लावला. थंडगार पडलेलं पाऊल हळूहळू उबदार होत होतं! मी मास्कमध्येच हसत सुटले.

काही आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, आमच्या कॉलनीत अख्खा बँड वाजत आला. पुढे काठी टेकत ट्रम्पेटवाला. शेजारीण धावत आली, "भाभीजी, बिटिया की शादी तय हो गई और हमें बताया तक नहीं?"

आई गडबडली. "शादी नहीं जी, पेशंट है, पेशंट!"

मग तिने घरातला सगळा चिवडा बाहेर काढला. ट्रम्पेटवाल्याने काठी माझ्या हातात दिली, गाल फुगवले आणि असा काही सूर लावला की गच्च्यांवर माणसं जमली. आणि बाबा, जे घरातही हळू आवाजात बोलायचे, ते लुंगी सावरत ढोलवाल्यासमोर नाचायला लागले.