पुठ्ठ्याची ती बाजू

आईवडिलांनंतर माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे असतील, तर ते मुलुंडच्या ताईंचे. त्या एका बँकेत अधिकारी होत्या, मुलुंड पूर्वेला आईबरोबर राहायच्या आणि रविवारी दुपारी घरच्या जेवणाच्या टेबलावर गेम चालवायच्या.

गेम म्हणजे काय, हे मी एकदा गावी फोनवर सांगायचा प्रयत्न केला होता. वडिलांनी विचारलं, "पत्ते का?" म्हटलं, नाही. "मग कॅरम?" तेही नाही. "चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा विचारतो, आता तू काय करतोस? आपण सांगायचं. ते जमलं की फसलं, हे फासा टाकून ठरतं."

वडिलांनी पुन्हा विचारलं, "आणि जिंकतं कोण?"

"कोणीच नाही."

"बरं. जेवण वेळेवर करतोस ना?"

माझे वडील परभणीकडच्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत पाणी सोडायच्या कामावर होते. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिला. नोकरी लागली अंधेरीला, विम्याचे दावे तपासायची. राहायला घाटकोपरला एका खोलीत चौघे. काम मला जमत होतं. बोलणं जमत नव्हतं. आमच्या शाळेत प्रश्नाला एकच उत्तर असायचं आणि ते चुकलं की हात पुढे करायचा. त्यामुळे ऑफिसात मीटिंगला कोणी "तुला काय वाटतं?" विचारलं की मी खाली बघायचो. मला काय वाटतं यापेक्षा त्यांना काय ऐकायचंय, हेच मी शोधत असायचो.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर बोरिवलीचा एक मुलगा बसायचा. त्यानेच मला ओढून नेलं. "चल ना यार, एक माणूस कमी पडतोय. नुसता बसून राहा." टेबलावर आणखी एक मुलगी होती, कोर्टात ज्युनिअर वकील. आम्ही तिला वकीलबाईच म्हणायचो.

पहिल्या दिवशी ताईंनी विचारलं, गोष्टीत तुला कोण व्हायचंय? बोरिवलीकर चोर होता, वकीलबाई मंत्र जाणणारी होती. मी पुष्कळ विचार केला. माझ्या ओळखीत सगळ्यांत ताकदवान माणूस कोण होता, ते आठवून बघितलं आणि म्हणालो, "तलाठी चालेल का?"

बोरिवलीकर हसून हसून खुर्चीवरून पडायला आला. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चालेल की. जमीन कोणाची, हे ज्याच्या शब्दावर ठरतं त्याच्याएवढी जादू कोणाकडे आहे?" आणि माझ्या कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, तलाठी. त्या दिवसापासून टेबलावर माझं नाव तेच पडलं.

पुढे खेळात एक बंद दार आलं. ताईंनी विचारलं, "काय करतोस?"

मी म्हणालो, "बरोबर काय आहे?"

"मला माहीत नाही."

"पण ताई, गेम तर तुमचाच आहे."

"दार माझं आहे. तू काय करशील ते मला कसं माहीत असणार?"

आणि त्या थांबल्या. असं थांबलेलं मी कोणाला पाहिलं नव्हतं. घाई नाही, घड्याळाकडे नजर नाही, "सोपं आहे रे" असा चेहरा नाही. शेवटी मी चाचरत म्हणालो की माझा तलाठी दार ठोठावेल आणि मोजणीला आलोय असं सांगेल. ताईंनी डोळे मिटून हसू दाबलं, आवाज बदलला आणि दाराआडचा रखवालदार घाबरून बोलू लागला, "मोजणी? आत्ता? साहेब, आमचं कुंपण आधीपासून इथंच आहे हो!" दार उघडलं. सगळ्या टेबलाने टाळ्या वाजवल्या. मी बोललो म्हणून एक दार उघडलं होतं.

त्यांचं राज्य खाडीकाठचं होतं. मिठागरं, खारफुटीत लपलेली गावं, भरतीला बुडणारे आणि ओहोटीला वर येणारे रस्ते. ते सगळं त्या एका पुठ्ठ्याच्या मागून उभं करायच्या. गेम चालवणाऱ्यापुढे असा आडोसा असतो. त्यामागे त्याचे नकाशे असतात, आणि राक्षसांचे फासेही तो तिथेच टाकतो, खेळणाऱ्यांना दिसू नयेत म्हणून. ताईंचा पुठ्ठा मिठाईच्या खोक्याचा होता. मला वाटायचं, त्यामागे सगळी उत्तरं लिहिलेली आहेत. बोरिवलीकर विनोद करून थकायचा, वकीलबाई भांडून थकायची, आणि मी नुसता ऐकत बसलेला असायचो. तेवढ्यात ताई अचानक माझ्याकडे वळायच्या. "तलाठी बराच वेळ खिडकीत उभा आहे. त्याला काय दिसतंय?" मग खिडकीतून जे दिसतं ते मी ठरवायचो आणि त्या ते खरं मानायच्या. अशा रविवारांनंतर केव्हातरी ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी "माझं मत वेगळं आहे" असं म्हणालो. साहेबांनी मान वर करून बघितलं. मला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही.

मग ताईंची बदली झाली, चंद्रपूरला. बढतीवर. चहा होईपर्यंत त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगितलं तेव्हा त्यासोबत एक गोष्ट मागितली.

"जायच्या आधी मला एकदा खेळायचंय."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. एवढी वर्षं गेम चालला होता आणि ताई कधीही खेळल्या नव्हत्या, हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी कॉलेजात हा खेळ कुठेतरी बघितला, खेळायची फार हौस होती, पण चालवायला कोणी तयार होईना म्हणून त्याच चालवायला बसल्या. बसल्या त्या बसल्याच.

"पण ताई, मग चालवणार कोण?" वकीलबाईने विचारलं.

ताईंनी पुठ्ठा उचलला आणि माझ्यासमोर ठेवला.

मी दहावीच्या परीक्षेसारखी तयारी केली. मुलूख माझाच घेतला: कोरडी पठारं, काळी माती, एक गाव आणि गावाची जुनी पायऱ्यांची बारव. बारवेचं पाणी आटलंय, आणि तळाशी काय झालंय ते बघायला ही माणसं उतरतात. तळाच्या चिखलात बैलगाडीएवढं दगडी कासव, ते जिवंत झालेलं. त्याच्या पोटाखाली झऱ्याचं तोंड एका धोंड्याने बंद. खेळणारे काय काय विचारतील, त्या सगळ्याची उत्तरं मी पाठ केली होती. टेबलाच्या त्या बाजूला बसलो आणि पहिल्या दहा मिनिटांत माझ्या पाठांतरातलं कोणी काही विचारलं नाही. तेव्हा मला कळलं, पुठ्ठ्यामागे उत्तरं नसतात. तीन चेहरे दिसतात एवढंच. खेळताना मी फक्त ताईंकडे बघायचो. चालवताना सगळ्यांकडे एकदम बघावं लागतं.

ताई झाल्या होत्या एक पोरसवदा पाणबुडी, खोल पाण्यात बुड्या मारणारी मुलगी. कोणाचं न ऐकणारी. बारवेच्या काठावर आल्या आल्या म्हणाल्या, "उडी मारते."

"ताई, खोल आहे हं."

"असू दे."

"दोर आहे ना पण. आणि पायऱ्याही आहेत."

"अरे तलाठी, तिला लिफ्ट पण लावून दे ना!" बोरिवलीकर म्हणाला.

त्यांनी उडी मारली. चिखलात कासव हललं. मी पुठ्ठ्यामागे फासा टाकला. घाव अगदी जिव्हारी लागावा असा आकडा आला. मी म्हणालो, "हुकला." पुन्हा टाकला, पुन्हा तसाच मोठा. "थोडक्यात वाचलात."

मला त्यात खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं. आमच्याकडे मोठ्या माणसाबरोबर पट मांडला की त्याला हरवत नाहीत. आजोबांच्या सोंगट्या आम्ही डोळ्यांदेखत पुढे जाऊ द्यायचो. तो आमच्या घरचा मानच होता. आणि या तर ताई.

ताईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"किती पडला होता?"

"दोन."

"आकडा वाचतोस, मग माझ्या तोंडाकडे बघतोस, मग आकडा सांगतोस. त्या खुर्चीत मी बसलेय रे इतकी वर्षं. किती पडला होता?"

मी फासा मुठीत झाकला.

"अहो ताई, तुम्हाला कसं मारू मी?"

"मी काय तुझ्याकडे पाहुणी आलेय?" त्यांचा आवाज चढला. तसा तो मी कधी ऐकला नव्हता. "तिथे गेल्यावर मला कोण खेळवणार आहे? ही एक दुपार आहे माझ्याकडे. पुढे काय होणार ते मला माहीत नाही, असं आयुष्यात एकदा व्हायला हवं होतं मला. माझा जीव तूच सांभाळणार असशील तर मी करू काय इथे? चहा पिऊ?"

आमच्याकडे मान देतात तो असा, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या माणसाने मला कधीच सांभाळून घेतलं नव्हतं, माझ्या प्रत्येक वेड्यावाकड्या उत्तराला खरं मानलं होतं, त्याच माणसाला मी लहान मुलासारखं सांभाळत होतो. मी पुठ्ठा उचलून खुर्चीखाली ठेवला.

"पहिला घाव लागला होता," मी म्हणालो. "दुसराही. तुमच्या पाणबुडीत आता फार जीव उरलेला नाही. वर चढायला वाट आहे. धोंडा हलवला तर पाणी येईल, पण त्यासाठी कासवाकडे पाठ करावी लागेल. काय करते ती?"

आणि मी थांबलो. त्यांच्यासारखं जमलं की नाही माहीत नाही, पण थांबलो.

ताई नख चावायला लागल्या. टेबलावर ठेवलेले हात त्यांनी मांडीवर घेतले, पुन्हा वर ठेवले. वकीलबाई वरून ओरडत होती, चढ, चढ, मी दोर टाकते.

"धोंडा," ताई म्हणाल्या.

त्यांनी फासा टाकला. धोंडा हलला, पाणी उसळलं. मग मी माझा टाकला, उघड्या टेबलावर, सगळ्यांसमोर. तो घरंगळत साखरेच्या डब्याला लागून थांबला. कोणाला आकडा सांगावा लागला नाही.

ताई खुर्ची मागे सारून उभ्या राहिल्या आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडल्या, "आई! मेले गं मी! मेले!"

आतून मालवणीत आवाज आला, "तिनसांजेक अभद्र काय बोलतंस गो?"

"गेममध्ये मेले!"

"खंयव मर, पण दिवो लावूच्या वेळेक बोलू नको!"

ताई हसत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. नंतरचा तासभर त्या मेलेल्याच होत्या, म्हणजे त्यांना काही करता येत नव्हतं. हनुवटी हातांवर टेकवून त्या बाकीच्यांचं ऐकत बसल्या. गावात पाणी परत आलं, बोरिवलीकराच्या चोराने त्या पाणबुडी मुलीची ओढणी बारवेच्या कठड्याला बांधली, आणि प्रत्येक वेळी ताई मला विचारत होत्या, "मग? पुढे काय झालं?"

खेळणं मोठं की चालवणं, यावर आमच्यात अजून वाद होतात. बोरिवलीकर म्हणतो, चालवणं म्हणजे लग्नात वाढप्याचं काम, जेवायला शेवटी. मला तसं वाटत नाही. पण ताईंचा त्या दुपारचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून मी वाद घालत नाही.

त्या गेल्या तेव्हा दादरला गाडीत बसवायला आम्ही तिघे गेलो होतो. सामान चढवण्याच्या गडबडीत मी नमस्कारही धड केला नाही. महिनाभराने हे पत्र पाठवलं.

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. व्हॉट्सॲपवर तुम्ही "कसा आहेस?" विचारलंत आणि मी नुसता अंगठा पाठवला. लिहायचं बरंच होतं, म्हणून कागद घेतला.

मी बरा आहे. आता रविवारी वकीलबाईंच्या घरी, घाटकोपरला बसतो. मी चालवतो. मागच्या वेळी कांदिवलीची एक नवीन मुलगी आली. तिने मला विचारलं, बरोबर काय आहे? मला हसू आलं आणि भरूनही आलं. मी तिला तुमचंच उत्तर दिलं. तिने बराच वेळ घेतला. बोरिवलीकर मध्ये बोलणार होता, मी त्याचा पाय दाबला.

मला कोणी काय वाटतं असं विचारून उत्तराची वाट पाहिलेली नव्हती, तुम्ही भेटेपर्यंत. हे तोंडावर सांगायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून राहून गेलं. त्या दुपारी तुम्ही माझ्यावर चिडलात त्याचेही आभार. मान द्यायचा म्हणजे समोरच्याला हरूही द्यायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

तुम्ही लिहिलंत की तिथे बँकेतल्या दोघी खेळायला तयार आहेत, पण चालवायला तुम्हालाच बसावं लागेल. बसा. पण त्यांतल्या एकीला लवकर तयार करा. तिचा गेम रटाळ होईल, ती अडखळेल, नकाशा विसरेल. तुम्ही शेजारून सुचवू नका. तुम्ही फक्त खेळा.

आईंना नमस्कार सांगा. तिकडे ऊन फार आहे म्हणतात, जपा.

आपला नम्र
तलाठी